पाळीआधीचे ते दिवस
(रौप्यमहोत्सवी आरोग्य कार्यक्रमातील भाषण)



सत्तरी ओलांडलेला माणूस या विषयावर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. खरं सांगायचं तर मला बोलायला उशीरच झाला आहे.

मी शाखाधिकारी असतानाची गोष्ट. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. काम अगदी चोख. पण महिन्यातले चार-पाच दिवस तिचं बिनसायचं. डोकं दुखायचं, बेरीज चुकायची, ग्राहकाने आवाज चढवला की डोळ्यांत पाणी. "घरचं घरी ठेवून येत जा," असं मी सुनावलं. मेमोही दिला. ती गप्प राहिली. काय सांगणार होती?

गेल्या वर्षी परीक्षा तोंडावर असताना माझी नात पुस्तक मिटून रडत बसली. मी म्हणालो, "नाटकं पुरेत." सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, तिची पाळी जवळ आली आहे. दर महिन्याला होतं हे." मला एकदम ती काउंटरवरची मुलगी आठवली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांनाच समजावलं. याला पीएमएस म्हणतात. बीज सुटल्यानंतर हार्मोन्सचा चढउतार होतो आणि काहींना तो फार जाणवतो. पोट फुगतं, छाती दुखते, झोप लागत नाही, चिडचिड होते, उदास वाटतं. पाळी सुरू झाली की काही दिवसांत हे ओसरतं. निदान दोन महिने रोजच्या त्रासाची नोंद वहीत ठेवायला त्यांनी सांगितलं. वहीचं महत्त्व बँकवाल्याला वेगळं सांगायला नको! नियमित व्यायाम, पुरेशी झोप आणि चहा-कॉफी, मीठ कमी, एवढ्याने नातीला बराच फरक पडला. काहींना मात्र औषध लागतं. जगणंच नको असे विचार येऊ लागले, तर एक दिवसही थांबू नये.

बिहार सरकारने १९९२ मध्येच महिला कर्मचाऱ्यांना पाळीसाठी महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा दिली होती. त्या काळात मी मेमो लिहीत होतो.

पुरुषमंडळींना एक विनंती. घरातली मुलगी चिडली की "पाळी आली वाटतं" असा टोमणा मारू नका. तिच्या रागाला दुसरं कारणही असू शकतं. आधी विचारा, मग ऐका.

नातीची मी माफी मागितली. त्या मुलीची मात्र राहून गेली.