औषध शरीरातून जाते कसे?



औषध पोटात गेले किंवा सुईने टोचले, की काम झाले असे आपण समजतो. पण औषध शरीरात कायम राहायला येत नाही. ते बाहेर जावेच लागते. ते किती वेळ राहते, यावर त्याचा गुण आणि अपाय दोन्ही अवलंबून असतात.

१९४१ साली ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. औषध इतके दुर्मिळ होते, की ते त्याच्या लघवीतून परत काढून त्यालाच पुन्हा टोचीत. रोग्याला उतार पडू लागला. पण साठा संपला आणि तो दगावला. यावरून काय दिसते? निरोगी मूत्रपिंडे पेनिसिलिन भराभर बाहेर टाकतात.

मग ज्याची मूत्रपिंडेच निकामी झाली, त्याचे काय? जेंटामायसिनचे उदाहरण घ्या. धडधाकट माणसाच्या रक्तातील हे औषध दोन-तीन तासांत निम्मे होते. डायलिसिसवरच्या रोग्यात त्यालाच दोन-दोन दिवस लागतात. विहिरीला झरा चालू आणि उपसा बंद, अशी ही स्थिती. पहिली मात्रा गेलेली नसताना दुसरी दिली, तर औषध साठत जाते; कानाला कायमचे बहिरेपण येऊ शकते, तोल जाऊ लागतो.

कोणी म्हणेल, डायलिसिसचे यंत्र आहे ना! आहे खरे. हॉलंडमधील डॉक्टर कोल्फ यांनी १९४३ मध्ये सेलोफेनच्या नळीतून रोग्याचे रक्त खेळवून ही वाट दाखविली. पण यंत्र म्हणजे मूत्रपिंड नव्हे. ती एक चाळण आहे, आणि तीही आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तासच चालते. लहान कण तीतून निसटतात. जेंटामायसिन एका खेपेस निम्म्याच्या आसपास निघून जाते. म्हणून त्याची मात्रा बहुधा डायलिसिस आटोपल्यावर देतात. व्हँकोमायसिनचा कण त्याच्या तिप्पट मोठा. जुन्या पडद्यांतून तो जवळजवळ जातच नसे. आजच्या मोठ्या छिद्रांच्या पडद्यांतून बराच जातो. सेफ्ट्रिअॅक्सोन मात्र रक्तातील प्रथिनांना चिकटून बसते, म्हणून यंत्राला फारसे सापडत नाही. पण त्याचा काही भाग पित्तावाटे जातो, त्यामुळे त्याची मात्रा सहसा बदलावी लागत नाही.

म्हणजे धोका दोन्हीकडून आहे. औषध साठले तर विष होते. डायलिसिसच्या आधी घेतले आणि वाहून गेले तर रोगजंतू जिवंत राहतात. ताप आला म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या अशा रोग्याला देऊ नका. "मूत्रपिंडे नाजूक आहेत" म्हणून आपल्या मनाने मात्रा निम्मीही करू नका.

करायचे ते सोपे आहे. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, तरी आधी सांगा : "मी डायलिसिसवर आहे, माझे दिवस हे." औषध लिहून दिले, की विचारा : "हे डायलिसिसच्या आधी घ्यायचे की नंतर?"

शिक्षकबंधुभगिनींनो, गावात असा रोगी असेल, तर त्याचे डायलिसिसचे वार आणि चालू औषधांची नावे एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून द्या. तो कागद त्याच्या खिशात असू द्या. अडीअडचणीला परगावच्या डॉक्टरला तेवढ्यावरून पुष्कळ कळेल.