गाडी तेलावर नको, लोखंडावर टेकवा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. उमापूर, ता. गेवराई, जि. बीड)

मी उमापूरहून बोलते आहे. आमचं गाव आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बचत गटांचं समन्वयकाचं काम मी करते.

शेळीपालन, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मसाला कांडप यांवर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर पुरुषांचा विषय. विषय आहे घरच्या गॅरेजमध्ये गाडी उचलायची लिफ्ट घ्यायची तर ती कशी निवडायची. पण पाच-दहा मिनिटं ऐका. पुरुषांचा विषय आहे की आपला, ते शेवटी ठरवा.

आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंचा कर्जाचा अर्ज आला. घराला लागून पत्र्याचं शेड आहे, त्यात मालक गाड्या दुरुस्त करतात. मुलगा आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून आलेला. त्याचं म्हणणं, दोन खांबी लिफ्ट घेऊ, म्हणजे काम भरभर होईल. अर्ज वाचून झाला आणि बैठक गप्प. मग एक जण म्हणाली, "आपल्याला काय कळतं त्यातलं? सही करून टाकू."

आता बघा, शेळी घेताना आपण तिचे दात बघतो. म्हैस घेताना कास बघतो, दोन वेळचं दूध काढून बघतो. मग लाखाच्या वर किंमत असलेल्या यंत्राला एक प्रश्नही का विचारायचा नाही? सही आपली, हप्ता आपल्या बैठकीत जमा होणार. आणि त्या यंत्राखाली उभा राहणार आपल्यातल्याच कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी मुलगा.

आपल्या भागात हे काम वाढतंय, कमी होत नाही. बीड जिल्हा म्हणजे ऊसतोडीचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांवर निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात. निघण्याआधी ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप सगळं दुरुस्त करून घ्यावं लागतं. त्या पंधरा-वीस दिवसांत गावातला मेकॅनिक रात्री बल्ब लावून काम करतो. घाई असते, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, आणि मग गाडी जॅकवर उचलून माणूस तसाच खाली सरकतो.

म्हणून लिफ्टच्या आधी जॅकचं बोलते. जॅक आणि लिफ्ट दोन्ही तेलाच्या दाबावर चालतात. लहान नळीतल्या तेलावर थोडा जोर दिला की मोठ्या नळीत तो कितीतरी पट होऊन बाहेर पडतो. पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हा नियम मांडला. पुढे अमेरिकेत १९२५ साली पीटर लुनाटी नावाच्या मेकॅनिकने याच तत्त्वावर गाडी उचलायच्या लिफ्टचं पेटंट घेतलं. त्याला ही कल्पना सुचली न्हाव्याच्या खुर्चीवरून. खुर्ची वर जाते, तशी गाडी का जाऊ नये?

पण या तेलात एक खोट आहे. ते अडवलेलं असतं एका रबरी सीलने. सील झिजलं, चिरलं, की तेल गळतं आणि उचललेली गाडी खाली येते. कधी हळूहळू, कधी एकदम. म्हणून आजची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: तेल गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. उचललेली गाडी लोखंडावर टेकवायची, मगच माणूस खाली जायचा. जॅकने उचलली तर खाली लोखंडी स्टँड लावायचे, ज्यांना काही मेकॅनिक घोडी म्हणतात. लिफ्टने उचलली तर तिचं लोखंडी लॉक अडकवून गाडी त्या लॉकवर खाली बसवायची. विटा लावायच्या नाहीत, वीट न सांगता फुटते. ट्रॉली वर करून खाली काम असेल तर तिलाही भक्कम लोखंडी टेका हवाच. आणि जी चाकं जमिनीवर राहतात, त्यांच्या मागेपुढे दगड किंवा लाकडी ठोकळा लावायचा.

आता गाडीखाली जायचे मार्ग कोणते, ते बघू.

सगळ्यात स्वस्त म्हणजे जॅक आणि चार स्टँड. काम झोपून करावं लागतं, पण स्टँड चांगले असतील आणि फरशी सपाट असेल तर बरंचसं काम होतं.

दुसरा मार्ग खड्ड्याचा. बांधीव खड्डा घ्यायचा, वर गाडी उभी करायची. वीज लागत नाही, गाडी पडायची भीती नाही. पण पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात, त्या खड्ड्यात साठतात, आणि एका ठिणगीवर भडका उडतो. पावसाळ्यात पाणी भरतं. घरात लहान लेकरं असतील तर काम नसताना खड्ड्यावर जाड फळ्यांचं झाकण पाहिजेच.

तिसरी, कैची लिफ्ट. बुटकी असते, गाडी कमरेपर्यंत उचलते. कमी उंचीच्या शेडमध्ये बसते. चाकं, ब्रेक यांच्या कामाला चांगली, पण गाडीखाली मधोमध तिचं स्वतःचंच लोखंड येतं, त्यामुळे गिअर बॉक्सच्या कामाला अडचण होते.

चौथी चार खांबी. गाडी दोन पट्ट्यांवर चढवायची, ती स्वतःच्या चाकांवर उभी राहते. स्थिर असते, पण जागा फार खाते, आणि चाक काढायचं तर वेगळा जॅक लागतो.

पाचवी दोन खांबी, जी त्या मुलाला हवी होती. चार हात गाडीच्या खाली जातात, चाकं मोकळी लोंबतात, उभं राहून सगळं काम करता येतं. कामाला सगळ्यात सोयीची हीच. पण गाडीचा सगळा भार दोन खांबांवर, आणि खांबांचा भार जमिनीतल्या बोल्टवर. म्हणून हिच्यासाठी चार प्रश्न विचारायचे. वही-पेन घ्या.

पहिला प्रश्न, जमीन कशी आहे? बोल्ट कोब्यात रुतलेले असतात. कंपनीच्या कागदावर काँक्रीटची जाडी लिहिलेली असते. कुणी चार इंच सांगतं, कुणी सहा, कुणी त्याहून जास्त. आपल्या घराचा दोन इंची कोबा त्याला चालत नाही. त्यात आपली गोदाकाठची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे तुम्ही शेतात रोज बघता. तीच माती शेडखालीही आहे. ती काढून खाली मुरूम धुमसून, मग सळई टाकून काँक्रीट केलं नाही, तर फरशी हलते, बोल्ट सैल होतात, खांब कलतो. काँक्रीट झाल्यावर पूर्ण पिकेपर्यंत, म्हणजे २८ दिवस तरी, त्यात लिफ्ट बसवायची घाई नको.

दुसरा प्रश्न, उंची किती? अशी लिफ्ट गाडी साधारण सहा फूट उचलते. बोलेरोची स्वतःची उंची सहा फुटांच्या वर. म्हणजे पत्रा बारा-तेरा फुटांवर हवा. टेप घ्या आणि मोजा. वासा, अँगल, पंखा जिथे सगळ्यात खाली येतो तिथून मोजा.

तिसरा प्रश्न, वजन कुणाचं? लिफ्टवर तिची क्षमता टनात लिहिलेली असते. वॅगन आर एका टनाच्या आतली. बोलेरो दीड टनाच्या वर, आणि माल भरलेली पिकअप त्याहून किती तरी जास्त. येणाऱ्या सगळ्यात जड गाडीच्या वजनाहून क्षमता चांगली जास्त हवी. आणि ट्रॅक्टरचं काय? कारच्या दोन खांबी लिफ्टवर ट्रॅक्टर चढवायचा नसतो. तिचे हात कार-जीपच्या सांगाड्यासाठी केलेले असतात. आपल्या गावात अर्धं काम ट्रॅक्टर-ट्रॉलीचं असेल, तर ते काम लिफ्टने होणार नाही, हे आधीच धरून चाला.

चौथा प्रश्न, विजेचा. मोटार सिंगल फेजची की थ्री फेजची? गॅरेजला तशी जोडणी आहे का? शेतीपंपाच्या जोडणीवरून गॅरेज चालवता येत नाही. आणि विक्रेत्याला हे नक्की विचारा: गाडी वर लॉकवर बसलेली असताना वीज गेली, तर खाली कशी आणायची? बऱ्याच लिफ्टमध्ये लॉक सोडवायला गाडी आधी थोडी वर उचलावी लागते, आणि त्यासाठी वीज लागते. हातपंपाची सोय आहे का, ते बघून घ्या. गिऱ्हाईकाची गाडी रात्रभर वर लटकून राहिली तर भांडण आपल्या दारात येतं.

याशिवाय बसवून कोण देणार, दुरुस्तीला माणूस कुठून येणार, तार आणि सील आपल्या भागात मिळतात का, हेही विचारा. जुनी लिफ्ट स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, जोवर तिच्यावर गाडी चढवून, लॉक अडकवून, तासभर तशीच ठेवून बघितली नाही.

आता पैशांचं. समजा लिफ्ट, फरशी आणि वीज मिळून दोन लाख कर्ज घेतलं. व्याज महिन्याला शेकडा एक, मुदत तीन वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण ६,६५० रुपये. महिन्यात २६ दिवस काम धरलं तर रोजचे अडीचशेच्या वर फक्त हप्त्यालाच. घरखर्च त्यानंतर. आणि आपलं काम तर हंगामी. दिवाळीआधी गर्दी, लगीनसराईत जीपची कामं, मधले महिने रिकामे. म्हणून आधी तीन महिने वहीत लिहा, रोज किती कार-जीप आल्या आणि त्यातल्या किती गाड्यांचं काम खालून करावं लागलं. वही जे सांगेल त्यावर कर्ज ठरवा.

सरकारी योजनाही आहेत. मुद्रा योजना २०१५ पासून आहे. तिच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, चांगले जॅक-स्टँड आणि हत्यारांना ते उपयोगी पडतं. पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. पण ती नव्या उद्योगासाठी आहे, आधीपासून चालू असलेला धंदा त्यात बसत नाही. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा, एजंटाकडे नको. आणि कर्ज बाईच्या नावावर असेल तर यंत्राचं बिलही बाईच्याच नावावर घ्या. हप्ता तिच्या नावावर आणि यंत्र दुसऱ्याच्या, असं होऊ देऊ नका.

मग त्या अर्जाचं काय झालं? आम्ही पाच जणी टेप घेऊन शेडवर गेलो. मुलाला आवडलं नाही. "तुम्हाला काय कळतंय यातलं?" असं तो तोंडावर म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, आम्हाला नाही कळत, पण कंपनीचा कागद तर तुझ्याकडे आहे. तो तूच वाच, आम्ही मोजतो." त्याने वाचलं, आम्ही मोजलं. पत्रा साडेनऊ फुटांवर. कोबा एका कोपऱ्यात उकरून बघितला, तर दोन इंचसुद्धा नाही, आणि मधून आडवी भेग गेलेली. मुलगा काही बोलला नाही. त्याच्या वडिलांनी मात्र त्या भेगेत पाना घालून बघितला, तो आत गेला.

गटाने अर्ज फेटाळला नाही. पहिल्या टप्प्यात मुरूम भरून पक्की फरशी, चार चांगले स्टँड आणि नवा जॅक एवढ्यापुरतं कर्ज मंजूर केलं. लिफ्टचा अर्ज तीन महिन्यांची वही बघून परत घेऊ, असा ठराव लिहिला. ताई थोड्या हिरमुसल्या, कारण मुलाला त्यांनी शब्द दिला होता. पण वही आता त्याच लिहितात, आणि मुलगा रोज संध्याकाळी गाड्यांचा आकडा सांगतो. पुढे लिफ्ट घ्यायची की नाही, ते आकडे सांगतील.

जाता जाता घरच्या गॅरेजबद्दल एक सांगते. शहरातल्या गॅरेजमध्ये बाहेरच्याला आत सोडत नाहीत. आपल्याकडे गॅरेज म्हणजे अंगणच. "पाना दे गं", "कापड आण" अशी हाक आली की आपण जातो, मागे लेकरू येतं. तेव्हा उचललेल्या गाडीभोवती जमिनीवर पिवळ्या रंगाची पट्टी ओढून घ्या. पट्टीच्या आत लेकरू नाही, पापड-शेवया वाळवणं नाही, दुपारची झोप नाही. आणि पाना द्यायला गेलात तर देण्याआधी विचारा, "स्टँड लावलाय का?" नाही म्हणाले, तर पाना हातातच ठेवा. एक दिवस चिडतील, दोन दिवस चिडतील, तिसऱ्या दिवशी स्वतःच लावतील.

तुमच्या गटात असा अर्ज आला असेल तर पुढच्या बैठकीला टेप आणि वही घेऊन जा. काय मोजलं ते आम्हाला कळवा.