जुन्या गाडीत नवा गॅस

काशीत रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. गल्ल्या अरुंद, त्यामुळे गाडी दाराशी येत नाही. ती मैदागिन चौकाकडे उन्हात तापते आणि निघाली तरी गर्दीत रखडते. जुन्या मारुतीचा एसी गार हवा देईनासा झाला, की मिस्त्री सांगतो, ‘गॅस डाल देते हैं, ठंडा हो जाएगा.’ आज बोलायचंय ते या सल्ल्याबद्दल.

गॅस काही पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती आधी शोधा.

त्या जुन्या गाड्यांच्या एसीत आर-१२ हा गॅस असे. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७च्या माँट्रियल कराराने त्याला निरोप दिला. भारत १९९२मध्ये करारात सामील झाला. विकसनशील देशांसाठी शेवटची मुदत २०१०ची होती. आर-१२च्या जागी आला आर-१३४ए. पण जुन्या यंत्रणेत तो नुसता भरून भागत नाही. कॉम्प्रेसरमधलं जुनं खनिज तेल या गॅसमध्ये मिसळत नाही. तेल फिरलं नाही, तर कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून उरलेला आर-१२ हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावा, जुनं तेल उपसून एस्टर तेल घालावं. ड्रायर आणि ओ-रिंगाही बदलाव्यात. मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल खेचून घ्यायची. नवा गॅस वजन करून, जुन्याच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरायचा.

खरी परीक्षा कंडेन्सरची, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीची. कडक उन्हात आर-१३४एचा दाब आर-१२पेक्षा जास्त चढतो. गाडी पळत असेल, तर समोरचा वारा कंडेन्सर थंड ठेवतो. गर्दीत उभ्या गाडीला वारा मिळत नाही, म्हणून काशीसारख्या गावात जोरकस पंखा हवाच. स्वस्त पडतं म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणारेही भेटतात. तो पेट घेतो, त्याला साफ नकार द्या.

आणि आर-१३४ए ओझोनला अपाय करत नसला, तरी पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक जोरदार आहे. म्हणून २०१६च्या किगाली दुरुस्तीने त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने घटवायचं ठरलं. तेव्हा मिस्त्रीला भाव विचारण्याआधी विचारा: गळती सापडली का, तेल कोणतं घालणार, आणि व्हॅक्यूम पंप आहे का? उत्तरं गोलमोल आली, तर दुसरं गॅरेज गाठा.