काखेत कळसा

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘चार शब्द बोला’ असा निरोप सेक्रेटरींनी दिला. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला जमाखर्च मांडायची सवय. म्हणून आपल्या २५ वर्षांतल्या सर्वांत विचित्र दोन वर्षांचा, कोरोनाकाळातल्या प्रवासाचा, ताळेबंद मांडतो.

आधी खर्चाची बाजू. आपल्या सोसायटीत असा एकही जिना नसेल, जिथलं एखादं मूल परदेशात नाही. विमानाने जग जवळ आणलं, असं आपण सगळेच म्हणत होतो. मार्च २०२० मध्ये आधी परदेशची आणि पाठोपाठ २५ तारखेपासून देशातलीही प्रवासी विमानं थांबली. मे महिन्यात ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं अडकलेल्यांना आणू लागली, देशांतर्गत सेवाही मोजकी सुरू झाली. पण परदेशची नियमित सेवा पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. म्हणजे तब्बल दोन वर्षं!

मधल्या काळातला प्रवास आठवा. तोंडाला मास्क, त्यावर फेस शील्ड, मधल्या सीटवाल्याला अंगभर गाऊन, आरटीपीसीआरचा रिपोर्ट, उतरल्यावर विलगीकरण. पैसे असून भागत नव्हतं, परवानगी लागत होती. कोणी नातवाचं बारसं मोबाईलवर पाहिलं, तर कोणी सख्ख्या भावाला मोबाईलवरच शेवटचा नमस्कार केला. अंतर नुसतं तासांत मोजून चालत नाही, हे तेव्हा कळलं.

आता जमेची बाजू. नोकरीत असताना आम्ही बँकवाले एलएफसीवर जमेल तितकं लांब जायचो. हक्काचं भाडं मिळत असताना जवळच्या गावाला कोण जाणार? काश्मीर झालं, कन्याकुमारी झाली. पुण्याच्या आसपासचं मात्र ‘जाऊ कधीतरी’ म्हणून राहून गेलं होतं.

२०२० च्या दिवाळी पाडव्याला राज्यातली देवळं उघडली. त्या हिवाळ्यात आपण काही जण दोन-तीन गाड्या काढून, काचा खाली करून, घरचे डबे घेऊन निघू लागलो. यवतजवळचं भुलेश्वर पाहिलं. बाहेरून कल्पना येत नाही, पण आत काळ्या पाषाणातलं काय कोरीवकाम आहे! स्त्रीरूपातला गणपती तर अनेकांनी पहिल्यांदाच पाहिला. मग भाजे आणि कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षं टिकून आहेत. खांबांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, अगदी आपल्या देणगीदारांच्या फलकासारखी! आणि जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर? आठव्या शतकातलं, खडकात कोरलेलं लेणं. आपण बसमधून रोज त्याच्यावरून जात होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

पण खरी जमा पुढेच आहे. त्या सहलींत कोणाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, कोण एकटं राहतं, कोणाच्या मुलाचा अमेरिकेतला नंबर काय, हे आपोआप कळत गेलं. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा तीच माहिती कामाला आली. दाराशी डबा ठेवणारे, रात्री औषधाला धावणारे, परदेशातल्या मुलांना रोज फोन करून ‘बाबांचा ताप उतरला हो’ सांगणारे हात याच सहलींतले होते. मुलांना यायचं होतं, पण येता येत नव्हतं. त्यात त्यांचा काही दोष नाही.

आता विमानं भरभरून उडताहेत. उडू देत. ज्याला जमतं त्याने नातवंडांना भेटायला जरूर जावं. पण गुडघे आणि प्रवासविमा यांच्यामुळे आपल्यातल्या अनेकांना ते जमणार नाही, आणि गेली दोन-तीन वर्षं आपल्या जवळच्या सहली मात्र बंद पडल्या आहेत. शेजारचे नवे भाडेकरू कोण, हे मला आज सांगता येत नाही.

म्हणून एकच सूचना. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला निघायचं, दुपारच्या जेवणाला घरी. मालक, भाडेकरू, सुट्टीला आलेली नातवंडं, सगळे चालतील. पहिली सहल भाज्याची, लोकलने मळवलीपर्यंत. ज्यांना पायऱ्या जमणार नाहीत त्यांच्यासोबत खाली चहा प्यायला मी थांबेन.

नोटीस बोर्डावर यादी लावली आहे. पहिलं नाव माझं आहे. जेवणाला जाण्याआधी दुसरं, तिसरं तुम्ही लिहा.