डबा विकू नका

(पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना इथं तरुणांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यात आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



मी संगीतातला पंडित नाही. मॅट्रिक झालो आणि मुंबईला गोदीत लागलो. जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळ्यांनी आवळायचं काम करतो. कविता लिहितो. पाळी सुटली की वस्तीतल्या पार्टीत रिदम वाजवतो. बोलायचा अधिकार म्हणाल तर एवढाच.

इथल्या पार्टीच्या पोरांनी मला एक प्रश्न घातलाय. त्यांच्याकडं जुना ग्रूव्ह बॉक्स आहे, कोर्ग कंपनीचा इलेक्ट्राइब. कुणीतरी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला, सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेला. आता त्याच यंत्राचं ॲप मोबाइलवर मिळतं. पोरं म्हणतात, दादा, खिशात आहे तेच पाठीवर कशाला वाहायचं? गिऱ्हाईक आलंय, विकून टाकू का?

मी म्हणतो, विकू नका. आणि ॲपही पुसू नका. का, ते सांगतो.

आधी हा डबा काय आहे ते समजून घ्या, कारण पुढं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना वाटेल, पोरगं कुठल्या डब्याबद्दल बोलतंय. ग्रूव्ह बॉक्स म्हणजे ठेका साठवणारं यंत्र. त्याच्यावर ओळीनं सोळा बटणं असतात. सोळा घरं समजा. ज्या घरात दिवा लावला त्या घरात ठोका पडतो. यंत्र घरामागून घर चालत जातं आणि सोळा संपली की पुन्हा पहिल्यावर येतं. आपला केरवा आठ मात्रांचा. मात्रेला दोन घरं दिली की सोळा घरात बरोबर बसतो. दादरा सहा मात्रांचा. शेवटचं घर बारावं ठरवून टाका, दादरा फिरायला लागतो. जपानी माणसानं केलेल्या यंत्रात आपला ठेका बसतो. यंत्राला जात नसते.

आता या यंत्राची कुळकथा ऐका. १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीनं टीआर-८०८ नावाचं रिदम मशीन काढलं. त्याच साली अमेरिकेत रॉजर लिन यानं एलएम-१ काढलं होतं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज भरलेले, किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास. ८०८ची किंमत १,१९५ डॉलर. त्यातले आवाज खऱ्या ड्रमसारखे वाजत नव्हते. मोठे लोक हसले. म्हणाले, हा कसला ड्रम.

तो आवाज कशानं आला ठाऊक आहे? तुमच्या गावात मिरचीचा बाजार भरतो. प्रतवारी काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. हा ढीग चांगला, हा ढीग बाजूला. तशी कारखान्यात ट्रान्झिस्टरचीही प्रतवारी होते. मापात न बसलेले ट्रान्झिस्टर बाजूला टाकतात. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी हेच बाजूला टाकलेले, खोट असलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले आणि ८०८मध्ये बसवले. त्यांच्यातून ती चरचर आली, जी दुसऱ्या कशातून येत नव्हती. पुढं कारखाने सुधारले, खोटीचा माल निघेनासा झाला. १९८३ साली ८०८ बंद पडलं. एकूण बारा हजारांच्या आसपास यंत्रं निघाली, बस्स.

बाजूला काढलेल्या मालानं जगाचा ठेका बदलला, मित्रांनो. हे मी तुम्हाला खूष करायला सांगत नाही. घडलेलं सांगतोय. १९८२ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून ‘प्लॅनेट रॉक’ ही तबकडी आली, तिच्यात ८०८ होतं. पुढं ही यंत्रं जुन्या मालाच्या दुकानात पडत्या भावानं विकली जायला लागली. ज्यांच्याकडं नवीन घ्यायला पैसा नव्हता अशा काळ्या पोरांनी ती उचलली. रोलँडचंच दुसरं यंत्र टीबी-३०३. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. तेही चाललं नाही. शिकागोच्या ‘फ्युचर’ नावाच्या पोरांनी जुनं ३०३ घेतलं, कंपनीनं सांगितलं नव्हतं तसे त्याचे कान पिळले, आणि १९८७ साली ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं. एक नवीन संगीतच जन्माला आलं. ज्या अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी नाव घेतलं, त्याच काळ्या वस्त्यांतली ही पोरं.

आणि आपल्या मुंबईत? चरणजित सिंग नावाचे वादक होते. सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, लग्नात वाजवायचे. त्यांनी १९८२ साली हीच ८०८ आणि ३०३ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीनं तबकडी काढली. खपली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जग डोळे चोळत बसलं, की शिकागोच्या पाच वर्षं आधी हे मुंबईत झालं होतं! म्हातारपणी त्यांना परदेशात वाजवायला बोलावणी आली. २०१५ साली ते गेले. यंत्र हातात असणं आणि त्याला कामाला जुंपणं म्हणजे काय, ते या माणसाकडून शिका.

आता ॲपकडं येतो. काही लोक ॲपला नावं ठेवतात. म्हणतात, खरं यंत्र ते खरं यंत्र. हे कोण म्हणतं ते बघा. ज्याच्याकडं यंत्र घ्यायला पैसा आहे तो म्हणतो. आज जुनं ८०८ घ्यायचं तर लाखाच्या पुढचा हिशेब आहे. एकेकाळी भंगारात पडलेला माल शौकिनांच्या काचेच्या कपाटात जाऊन बसलाय. आपल्याला कपाटातला डबा नको. तसली भक्ती आपण करायची नाही.

कोर्गनं इलेक्ट्राइब १९९९ साली काढला. २०१० साली त्याचंच ॲप आयपॅडवर आलं, नंतर आयफोनवर. तीच सोळा घरं, तेच कान. ज्याच्याकडं अँड्रॉइड आहे त्याला हे ॲप मिळत नाही, पण त्याला कोआला आहे, एफएल स्टुडिओ मोबाइल आहे. ज्या पोराला पार्टीत डब्याला हात लावायला मिळत नाही, ते पोरगं रात्री पांघरुणात कानाला हेडफोन लावून ठेका शिकू शकतं. पोरगी शिकू शकते. तिला कुणी विचारत नाही, तू रिदमवर का बसलीस. हे काय थोडं आहे? म्हणून म्हणतो, ॲप पुसू नका.

पण ॲप कुठं दगा देतं तेही उघड्या डोळ्यांनी बघा.

पहिली गोष्ट, उशीर. फोनवर बोट मारलं आणि आवाज ब्लूटूथच्या स्पीकरमधून काढला, तर तो सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यानं मागं येतो. तुम्ही म्हणाल एवढ्यानं काय होतं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक घर सेकंदाच्या आठव्या हिश्श्याचं असतं. म्हणजे अख्खं एक घर मागं! ॲप एकटंच वाजत असेल तर चालून जाईल. शेजारी हलगी वाजत असेल तर समेवर दोघांची टक्कर. त्यावर इलाज आहे, वायर लावा. वायरीची लाज धरू नका.

दुसरी गोष्ट, हात. मिरवणुकीत घाम येतो, धूळ असते, गुलाल असतो. ओल्या बोटाला काच ओळखत नाही. बटण ओळखतं. अंधारात न बघता बटण सापडतं. काचेवर घर शोधायला मान खाली घालावी लागते. वाजवणाऱ्याची मान खाली गेली की समोरच्या माणसाशी त्याचं नातं तुटलं.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. तुमच्या डब्याच्या मागं बाहेरचा आवाज आत घ्यायला दोन दारं आहेत. त्यात माइक लावून हलगी सोडा. कुठल्या घरात हलगी उघडायची आणि कुठल्या घरात मिटायची, ते डब्याला सांगता येतं. माणूस हलगी वाजवतो, डबा तिला चिरतो, दोघं मिळून तिसराच ठेका होतो. कोर्गच्या ॲपमध्ये ही दारं नाहीत. त्यात कंपनीनं दिलेले आवाज. कोआलासारख्या ॲपमध्ये हलगी टेप करून घेता येते, घ्याच. पण टेप केलेली हलगी आणि शेकून ताणलेली, समोर कडाडणारी हलगी यांत फरक आहे.

चौथी गोष्ट, मालकी. स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीनं १९९७ साली ‘रीबर्थ’ नावानं ८०८ आणि ३०३ संगणकात उभी केली. २०१० साली ते फोनवर आलं. २०१७ साली मूळ यंत्राच्या मालकांनी, रोलँडनं हक्क सांगितला आणि ॲप दुकानातून उतरलं. त्याच साली आयफोनची प्रणाली बदलली, अकरावी आवृत्ती आली, आणि ज्यांनी सुधारणा केली नव्हती अशी जुनी ॲप एका फटक्यात चालेनाशी झाली. पैसे भरलेल्यांचीही. म्हणजे ॲप आपण विकत घेत नाही. मालक आहे तोवर वापरायची परवानगी घेतो. कुळानं कसलेल्या जमिनीसारखं आहे हे. डबा मात्र तुमचा. दूर बसलेला कुठला साहेब रात्रीत येऊन तो बंद करू शकत नाही.

डब्याचेही दोष सांगतो, नाहीतर म्हणाल दादा एकाच बाजूनं बोलले. बटणं झिजतात. कान फिरवला की खरखरतात. सुटे भाग मिळत नाहीत. दोनशे छप्पन ठेके मावतात, पुढं जागा नाही. पडला की फुटला. म्हणून दोघंही पाहिजेत.

कसं वापरायचं? ऐका. ठेका फोनवर बांधा. घरी, शेतावर, एसटीत. जमला की वहीत सोळा घरांची ओळ आखून उतरवा, कुठं ठोका, कुठं मोकळं. वही हरवेपर्यंत ठेका हरवत नाही, आणि तिला चार्जिंग लागत नाही. मग तो डब्यात भरा आणि लोकांसमोर डबा वाजवा. दोन्ही एकदम वाजवायचे असतील तर मिडीच्या वायरीनं जोडा. मिडी ही यंत्रांनी आपसात बोलायची भाषा, १९८३ सालची. एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवली आणि फुकट ठेवली. कुणाच्या बापाची नाही ती. तिच्यात एका ठोक्याचे २४ टिंब पाडून घड्याळ पाठवलं जातं. घड्याळ डब्याचं ठेवा आणि फोनला त्याच्या मागं चालू द्या. बाहेरचं घड्याळ ऐकणारंच ॲप घ्या, सगळी ऐकत नाहीत. वाजवताना फोन विमानाच्या मोडवर टाका. नाहीतर ऐन वरातीत मामाचा फोन येतो आणि ठेका बंद.

आता शेवटचं, आणि खरं दुखणं. हलगीवाला विचारतोय, डबा आला, फोन आला, माझं काय? त्याचं विचारणं खोटं नाही. चार माणसांची सुपारी जाऊन एका माणसाची होते. मी गोदीत हेच बघतो. एकेकाळी गोण्या पाठीवर वाहणाऱ्या मोठमोठ्या टोळ्या होत्या. कंटेनर आला आणि टोळ्या मोडल्या. मग क्रेन जाळायची का? बाबासाहेबांनी १९४५च्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना हे स्पष्ट मांडलंय. यंत्रामुळं जे हाल होतात त्यांचा दोष यंत्राचा नाही, ज्या रचनेत यंत्राचा फायदा मूठभरांच्या घशात जातो त्या रचनेचा आहे. आणि यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही, फुरसतीशिवाय संस्कृती नाही. जातीनं हलगी आपल्या गळ्यात अडकवली. पण तिच्यातला ठेका आपण कमावला. आता दुसरा कुणी तो ठेका यंत्रात भरून विकणार आणि आपण टाळ्या वाजवणार?

म्हणून पार्टीनं तीन ठराव करावेत. डबा सगळ्यांचा, एकाच्या नावावर नाही. सुपारीच्या पैशात एक वाटा डब्याचा, तो दुरुस्तीला. आणि हलगीवाल्याचा वाटा डबा वाजवणाऱ्याइतकाच, एक रुपया कमी नाही. तिसरं, पार्टीतल्या दोघांनी तरी सोल्डरिंग शिकावं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जुना माणूस गावात असेल तर त्याच्या हाताखाली बसा. यंत्र उघडता आलं पाहिजे. ज्याला यंत्र उघडता येत नाही तो यंत्राचा गिऱ्हाईकच राहतो.

गिऱ्हाईक पैसे घेऊन आलंय म्हणता. पैसे चार दिवसांत उडतील. पुन्हा असा डबा घ्यायला गेलात तर हाच व्यापारी तुम्हाला चौपट भाव सांगेल. मिरची विकणाऱ्या गावाला हे वेगळं समजवायला नको.

तेव्हा डबा ठेवा, ॲप ठेवा, हलगी मधोमध ठेवा. आणि उद्यापासून शिकायला बसा.

जय भीम.