सौर बॅटरीचा पहारेकरी

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. तेव्हापासून डब्यातले दिवे, पंखे, एसी आणि ते चालविणाऱ्या बॅटऱ्या यांच्या देखभालीतच वीसहून अधिक वर्षे गेली. तेव्हा साहित्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, पण बॅटरीवर चार शब्द बोलू शकेन, असे मी चिटणीसांना सांगितले आणि त्यांनी तोच विषय माझ्या गळ्यात घातला.

विषयाला कारणही तसेच आहे. आपल्या सभागृहाच्या गच्चीवर सौर पॅनेल आणि खाली लिथियम बॅटरी बसविण्याचा विचार मंडळापुढे आहे. आपल्यापैकी काही कुटुंबांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून घरावर पॅनेल बसविले आहेत. त्यांतल्या अनेकांनी मला विचारले, "पॅनेल लावूनसुद्धा वीज गेली की घरात अंधार कसा?" त्याचे उत्तर असे की, नुसते ग्रिडला जोडलेले इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होते. तसा नियमच आहे. खांबावर लाइनमन काम करीत असताना आपल्या गच्चीवरून तारेत वीज गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरी आणि तिच्याबरोबर चालणारे हायब्रिड इन्व्हर्टर लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मंडळाकडे आलेली कोटेशने पाहताना आमचे एक काका म्हणाले, "लिथियमला पाणी घालावे लागत नाही, ॲसिड नाही, वास नाही. मग हा बीएमएस नावाचा खर्च कशाला? तो वगळला तर पैसे वाचतील." काकांचा प्रश्न रास्त आहे. मंडळाचा पैसा वर्गणीचा आहे आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब विचारलाच पाहिजे. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे भाषण.

बीएमएस म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. बॅटरीच्या प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे हे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे. ते का लागते, हे समजण्यासाठी आधी आपल्या जुन्या शिशाच्या बॅटरीकडे पाहू. तिचा स्वभाव फार सोशिक. समजा, तिच्यातले काही सेल आधी भरले आणि एक मागे राहिला. चार्जिंग चालूच ठेवले, तर भरलेल्या सेलमध्ये पाण्याचा वायू होऊन बुडबुडे निघतात आणि तेवढ्या वेळात मागे राहिलेला सेल बरोबरीला येतो. आपण वरून डिस्टिल्ड वॉटर घातले की झाले. लिथियमला अशी पळवाट नाही. भरलेल्या सेलमध्ये आणखी वीज कोंबली, की आत धातुरूप लिथियमचा थर जमू लागतो, द्रव विघटित होतो, सेल फुगतो आणि तापतो. उलट फार खोलवर उतरविला, तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे चार्ज करताना सेल आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो.

घरगुती सौर कामासाठी आज बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी जातीचे सेल वापरतात. या रसायनावरचा मूळ शोधनिबंध १९९७ साली पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी प्रसिद्ध केला. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लिथियमच्या इतर जातींच्या मानाने एलएफपी बरीच शांत प्रकृतीची आहे. तिच्या एका सेलचा दाब ३.२ व्होल्ट. वरची मर्यादा ३.६५ आणि खालची २.५ व्होल्ट. असे १६ सेल एकामागे एक जोडले की ५१.२ व्होल्टची बॅटरी तयार होते.

आता एक छोटे गणित करू. चार्जरला फक्त दोन टोकांमधली बेरीज दिसते. समजा, बेरीज ५५.२ व्होल्ट आहे. सोळांनी भागले तर प्रत्येक सेलला ३.४५ व्होल्ट. चार्जर म्हणेल, सर्व ठीक आहे. पण प्रत्यक्षात १५ सेल ३.४३ वर आणि एकच सेल ३.७५ वर असेल, तरी बेरीज ५५.२ च येते! म्हणजे एक सेल मर्यादा ओलांडून गेला आणि चार्जरला त्याचा पत्ताही नाही. मालगाडीत पन्नासहून जास्त वाघिणी असल्या आणि एकीचाच ॲक्सल तापला, तरी सगळी गाडी उभी करावी लागते. सरासरी तापमान पाहून कोणी गाडी पुढे काढीत नाही. आम्हीही पिट लाइनवर डब्याखालच्या बॅटरीची नुसती बेरीज मोजून थांबत नाही. द्रवाच्या बॅटरीत हायड्रोमीटर बुडवून सेलगणिक नोंद करतो. आमचा माणूस जे देखभालीच्या वेळी करतो, तेच बीएमएस अहोरात्र करीत असतो.

त्याची कामे पाच. एक, प्रत्येक सेलचा दाब पाहणे. दोन, येणारा-जाणारा करंट मोजणे आणि शॉर्ट झाल्यास तोडणे. तीन, तापमान पाहणे. चार, सेलांना समपातळीवर आणणे. पाच, बॅटरीत किती शिल्लक आहे याचा हिशेब ठेवणे. मर्यादा ओलांडली गेली, की तो बॅटरीचा मार्ग तोडतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बीएमएस हा रोजचा चार्जर नव्हे. आपल्या रेल्वेत 'कवच' यंत्रणा बसविली जात आहे. सिग्नल पाहून गाडी थांबविणे हे चालकाचेच काम, त्याच्याकडून ते झाले नाही तर कवच ब्रेक लावते. रोज प्रत्येक स्टेशनात कवचालाच गाडी थांबवावी लागत असेल, तर काहीतरी बिघडले आहे असेच आपण समजू. तसेच येथे चार्जर आणि इन्व्हर्टर हे चालक आहेत. त्यांची सेटिंग अशी हवी की बीएमएसला हस्तक्षेप करण्याची वेळच येऊ नये. भर उन्हात पॅनेल जोरात चालू असताना बीएमएसने अचानक बॅटरी तोडली, तर त्या झटक्याने काही चार्ज कंट्रोलर निकामी होतात.

म्हणून १६ सेलच्या बॅटरीसाठी मी असे आकडे ठेवीन : चार्जिंग ५६ व्होल्टला थांबावे, फ्लोट ५४, आणि ४८ ला इन्व्हर्टरने लोड सोडावा. इन्व्हर्टरमध्ये शिशाच्या बॅटरीसाठी असलेले 'इक्वलायझेशन' पूर्ण बंद करावे. बॅटरीच्या कंपनीने वेगळे आकडे दिले असतील, तर त्यांचेच मानावे. बीएमएस आणि इन्व्हर्टर केबलने एकमेकांशी बोलू शकत असतील तर फारच उत्तम.

आता आपल्या सभागृहाचा हिशेब. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सुमारे ५.१ युनिट वीज. तिच्यातली ८० टक्के वापरायची म्हणजे ४.१, आणि इन्व्हर्टरचा तोटा वजा जाता हाती साधारण ३.७ युनिट. वीस वॅटच्या २० एलईडी ट्यूब, तीस वॅटचे ८ बीएलडीसी पंखे आणि ३०० वॅटचा ध्वनिक्षेपक धरला, तर लोड ९४० वॅट. म्हणजे जवळजवळ चार तास. आपला संध्याकाळचा कार्यक्रम आरामात निघतो. मात्र पाण्याचा पंप यावर टाकू नये. मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते आणि बीएमएस शॉर्ट समजून सर्वच बंद करील. ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला पूर्ण लोडवर सुमारे ६५ अँपिअर लागतात, म्हणून बीएमएस १०० अँपिअरचा असावा.

बसविताना क्रम महत्त्वाचा आहे. सभागृहासाठी कारखान्यात जोडून आलेली तयार बॅटरीच घ्यावी. पण कारागीर जागेवर सेल जोडणार असेल, तर उभे राहून पाहावे. सोळा सेलना दाब मोजणाऱ्या १७ बारीक तारा असतात. बीएमएसची मुख्य ऋण तार आधी लावायची. मग या बारीक तारा सेलांच्या क्रमाने जोडायच्या, मल्टिमीटरने प्रत्येक दोन तारांमध्ये एका सेलचाच दाब येतो याची खात्री करायची आणि त्यानंतरच त्यांचा प्लग बीएमएसमध्ये खोचायचा. एक तार जरी इकडची तिकडे झाली, तरी कार्ड जळते. तापमानाचा सेन्सर मधल्या सेलांवर चिकटवावा, कारण उष्णता तेथेच साठते. बॅटरीच्या धन टोकाजवळ डीसीचाच फ्यूज हवा. घरातला एसीचा एमसीबी येथे चालत नाही. एसीचा प्रवाह सेकंदात अनेकदा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीची ठिणगी ओढत राहते. शेवटी चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. सोडविताना आधी पॅनेल.

जागेविषयी माझा आग्रह आहे. जबलपूरच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. तेथे बॅटरी ठेवू नये. जिन्याखालची मोकळी जागा सोयीची वाटते, पण तोच आपला बाहेर पडण्याचा रस्ता आहे. प्रसादाच्या स्वयंपाकघराजवळ तर नकोच. उत्तरेकडच्या भिंतीला, हवा खेळती असलेली खोली उत्तम.

नवे सेल कधीही अगदी सारखे नसतात. सुरुवातीला बॅटरी संथ करंटवर पूर्ण भरून काही वेळ वरच्या पातळीवर राहू द्यावी, म्हणजे बीएमएस पुढे गेलेल्या सेलांची वीज थोडी थोडी जाळून सर्वांना बरोबरीला आणतो. येथे धीर लागतो. बीएमएसचा हा करंट १०० मिलिअँपिअर असेल आणि एक सेल ३ अँपिअर-अवरने पुढे असेल, तर ३० तास लागतात.

वापरातही थोडी शिस्त हवी. एलएफपीचा दाब मधल्या पट्ट्यात जवळजवळ बदलतच नाही. त्यामुळे नुसत्या व्होल्टवरून शिल्लक कळत नाही. बीएमएस आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्के दाखवितो आणि त्या मोजणीत हळूहळू चूक साठते. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा बॅटरी पूर्ण भरू द्यावी, हिशेब पुन्हा जुळतो. महिन्यातून एकदा, चार्जिंग संपत आलेले असताना, सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलमधला फरक वहीत लिहावा. हा फरक महिन्यागणिक वाढू लागला, तर बॅटरी आपल्याला काही सांगते आहे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. बीएमएस वारंवार बंद करू लागला, तर त्याला बाजूला काढू नये. माझ्या एका परिचितांकडे रोज दुपारी बॅटरी बंद पडत असे. कारागीर म्हणाला, "बीएमएस खराब आहे, डायरेक्ट करून देतो." त्यांनी मला बोलाविले. पाहिले तर चार्जिंगच्या वेळी अकरा नंबरचा सेल एकटाच वर चढत होता. पॅनेल आणि बॅटरी बंद करून झाकण काढले. त्या सेलवरच्या पट्टीचा नट सैल होता आणि सांधा काळा पडला होता. सांधा साफ करून नट ठराविक जोराने आवळला आणि तक्रार मिटली. डायरेक्ट केले असते, तर बॅटरी बंद पडली नसती, पण तो सांधा मात्र रोज तापत राहिला असता. ओरडणाऱ्या पहारेकऱ्याला हाकलले म्हणून चोर जात नाही.

बीएमएस सर्वशक्तिमान आहे, असेही मी म्हणणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ जातीच्या विमानांतील लिथियम बॅटऱ्यांचे लागोपाठ दोन अपघात झाले आणि जगभरातील ती विमाने जमिनीवर उभी करावी लागली. सेल आतूनच शॉर्ट झाला, तर बाहेरचे कार्ड त्याला थांबवू शकत नाही. आपल्या देशात २०२२ मध्ये विजेवरच्या स्कूटरना आगी लागल्यावर सरकारने एआयएस १५६ हे मानक कडक केले. म्हणून जुन्या स्कूटरच्या बॅटऱ्या फोडून बनविलेले स्वस्त पॅक सभागृहात आणू नयेत. त्यांतल्या सेलची जातही बहुधा वेगळी, ४.२ व्होल्टपर्यंत भरणारी असते. फुगलेला किंवा पाण्यात भिजलेला सेल वापरूच नये. धूर दिसला तर तो विषारी असतो, हे ध्यानात ठेवून आधी सर्वांना बाहेर काढावे, मग अग्निशामक दलाला १०१ वर फोन करावा.

तर काकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : बचत करायचीच असेल, तर बॅटरी लहान घ्या, पंखे दोन कमी लावा, पण बीएमएस वगळू नका. कोटेशनमध्ये चार गोष्टी लेखी मागा : सेलची जात, बीएमएस किती अँपिअरचा आहे ते, प्रत्येक सेलचा दाब आपल्याला पाहता येईल की नाही, आणि वॉरंटी कोण देणार. कार्यकारिणीने एका सभासदाकडे त्या वहीची जबाबदारी द्यावी. पहिले वर्षभर ती वही लिहायला मी तयार आहे. या सभागृहात आपली मुले नाटकाच्या तालमी करतात, आजी-आजोबा भजनाला बसतात. त्यांच्या शेजारच्या खोलीत काय ठेवतो आहोत, याची काळजी आपणच घेतली पाहिजे.

बाळगोपाळांनो, आता तुमचे नाटक.