पंचवीस अक्षरांची किल्ली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

सन्माननीय मुख्याध्यापक, पहिल्या रांगेत बसलेले आमचे गणिताचे सर, सर्व गुरुजन आणि आज पुन्हा एकदा बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

माझ्या आधी जे बोलले त्यांत डॉक्टर होते, इंजिनिअर होते, एक बँकेचे अधिकारी होते. माझे सांगलीतच कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. संयोजकांनी फोन करून "तू बोल" म्हटले तेव्हा मी विचारले, "मी काय बोलू?" ते म्हणाले, "पुराच्या वेळी शाळेच्या कॉम्प्युटरचे काय झाले ते सांग." म्हणून तेवढेच सांगतो. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगतो. सर समोर असताना लपवून उपयोग नाही.

ऑगस्ट २०१९ मधला पूर तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. जे बाहेरगावी होते त्यांनी टीव्हीवर पाहिला असेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. शाळेच्या तळमजल्यावर, म्हणजे ऑफिस, स्टाफरूम आणि आपला पाचवीचा वर्ग, सगळीकडे पाणी होते. शिपाईमामांनी पाणी चढायच्या आदल्या रात्री ऑफिसचा कॉम्प्युटर उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला. जनरल रजिस्टरेही जमतील तेवढी नेली. लोखंडी कपाट मात्र हलण्यासारखे नव्हते.

पाणी ओसरल्यावर मामांचा मला फोन आला. "कॉम्प्युटरला पाणी लागलेलं नाही. चालू करून बघू का?" मी माझ्या दुकानातला गाळ काढत होतो. फोन खांद्याशी धरून म्हणालो, "बघा की लावून."

हीच माझी चूक. पाणी लागले नव्हते हे खरे, पण ती पेटी आठ दिवस बंद, ओल्या खोलीत होती. आतल्या धुळीने दमटपणा धरून ठेवलेला असतो. अशा वेळी यंत्र उघडून, पुसून, पूर्ण वाळवून मगच वीज द्यायची असते. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. मामांनी बटण दाबले, फट्ट आवाज झाला, वास आला. पॉवर सप्लाय गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला.

आता त्या पेटीत काय होते ते सांगतो. आपल्या शाळेत भाऊ नावाने सगळे ज्यांना ओळखायचे ते क्लार्क तुम्हाला आठवतात. फी भरायला उशीर झाला की चष्म्यावरून बघायचे ते. २००८ साली एका बॅचने वर्गणी काढून शाळेला कॉम्प्युटर घेऊन दिला. त्याबरोबर मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ चे रीतसर बिलाचे पाकीटही घेतले. सरांनीच तसा आग्रह धरला होता. त्यानंतर भाऊंनी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जुन्या जनरल रजिस्टराची दोन पाने एक्सेलमध्ये उतरवायला सुरुवात केली. कोणी सांगितले नव्हते. नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, रजिस्टर नंबर, पान नंबर. पुढे त्यांच्या भाच्याने त्यावर एक मॅक्रो बसवून दिला. नंबर टाकला की शाळा सोडल्याचा दाखला छापून यायचा. भाऊ निवृत्त झाले, दोन वर्षांपूर्वी गेलेही. त्यांचे काम त्या पेटीत होते.

आणि पूर ओसरल्यावर शाळेच्या दारात रांग लागली. घरेच्या घरे धुऊन निघाली होती. कोणाचे मार्कलिस्ट गेले, कोणाचा दाखला गेला. आपलेच माजी विद्यार्थी, काही तर आपल्याहून वीस वर्षांनी मोठे, "दुय्यम प्रत मिळेल का" म्हणून उभे होते. वर नेलेली रजिस्टरे वाचली होती, पण दमट हवेने पाने एकमेकांना चिकटली होती. नेमके कोणते पान सोडवायचे हे कळल्याशिवाय हात लावणे धोक्याचे. ते पान नंबर भाऊंच्या एक्सेलमध्ये होते.

माझ्यामुळे ती पेटी बंद पडली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी दुकानात आणली. इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे माहिती गेली असे नाही. माहिती हार्डडिस्कवर असते, आणि मदरबोर्ड जळला तरी हार्डडिस्क बहुतेक वेळा शाबूत असते. मी ती काढली, कोरड्या जागी एक दिवस ठेवली, आणि तिच्यातले काहीही न उघडता आधी दुसऱ्या डिस्कवर तिची जशीच्या तशी प्रत घेतली. त्यासाठी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. जिथे वाचता येत नाही तो भाग तो आधी सोडून देतो, सोपे ते वाचून घेतो आणि मग अवघड जागी परत येतो. परीक्षेत सर आम्हाला हेच सांगायचे.

भाऊंची फाइल मिळाली. लिब्रेऑफिसमध्ये उघडली, सगळी नावे होती. पान नंबर मिळाले, रजिस्टरे सोडवण्याचे काम सुरू झाले. पण मॅक्रो काही तिथे चालेना. एका क्लार्कने हाताने एकेक दाखला लिहायचा तर दिवसाला किती होणार? दुकानात एक जुना चालू कॉम्प्युटर होता, तो शाळेला देऊन टाकला. आता त्यावर ऑफिस २००७ चढवले की काम झाले.

कपाटातून ऑफिसचे पाकीट निघाले. सीडी चिखलाने माखलेली होती. स्वच्छ पाण्याने धुतली, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली, आणि ती चालली. पण डबीवरच्या ज्या चिठ्ठीवर पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की छापलेली असते, तिचा नुसता लगदा झाला होता. बिलाचेही तेच.

एक ओळखीचा म्हणाला, "अरे, क्रॅक टाक. दोन मिनिटांचं काम." खरे सांगतो, माझा हात त्या बाजूला वळला होता. पण शाळेचे काम म्हणून सरांना विचारायला गेलो. सरांच्या घरातही पाणी शिरले होते, ते अंगणात पुस्तके वाळत घालत होते. ते एवढेच म्हणाले, "अरे, पोरांनी वर्गणी काढून विकत घेतलंय ते. आपलीच वस्तू आपण चोरून कशाला वापरायची? किल्ली हरवली तर शोध."

मग शोधायला बसलो. ऑफिस २००७ बसवताना जी की टाकतो, ती कॉम्प्युटर विसरत नाही. विंडोज फोल्डरमध्ये सिस्टिम ३२, त्यात कॉन्फिग, आणि त्यात सॉफ्टवेअर नावाची एक फाइल असते. ती म्हणजे रजिस्ट्रीचा एक भाग. तिच्यात ती की असते, पण सरळ वाचता येईल अशी नाही, आकड्यांत बदललेली.

अशा की वाचून दाखवणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात. मी एक चालवला. झटकन पंचवीस अक्षरे आली! आनंदाने मुख्याध्यापकांना फोन केला. की टाकली, तर ती चालेना. पुन्हा टाकली, चालेना. तासाभराने लक्षात आले की प्रोग्रॅमने माझ्याच दुकानातल्या कॉम्प्युटरची की वाचून दाखवली होती! पुरातल्या डिस्ककडे त्याने बघितलेच नव्हते. बंद पडलेल्या यंत्राची की हवी असेल तर त्या डिस्कवरची फाइल त्याला मुद्दाम दाखवावी लागते. हे दुरुस्तीवालेही विसरतात.

मग शिस्तीत गेलो. सॉफ्टवेअर फाइलची प्रत काढली, कारण मूळ फाइल जोडली तर तिच्यात बदल होऊ शकतो. माझ्या कॉम्प्युटरवर रजिस्ट्री एडिटर उघडून ती प्रत 'लोड हाइव्ह' करून जोडली. मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १२.०, रजिस्ट्रेशन असे खाली जात जात डिजिटल प्रॉडक्ट आयडी सापडला. आकड्यांची लांब रांग होती. तिच्यातले पहिले ५२ आकडे सोडायचे आणि पुढचे १५ घ्यायचे. त्या १५ आकड्यांत की असते.

ते कागदावर लिहून मी सरांकडे गेलो. आता मला हौस होती, सरांना दाखवायची. वर्गात माझ्या वहीत सर कधी थांबले नाहीत. थांबले ते एकदाच, शेजाऱ्याच्या वहीतून मी उतरवले होते तेव्हा.

सरांना सांगितले, "सर, यात फक्त २४ चिन्हे वापरतात. १७ अक्षरे आणि ७ आकडे. स्वर एकही नाही. शून्य, एक आणि पाच नाहीत. ओ, आय, एल, एस, झेडही नाहीत."

सर लगेच म्हणाले, "बरोबर आहे. शून्य आणि ओ, पाच आणि एस, वाचणारा फसतो. म्हणजे ही चोवीसच्या पायावरची संख्या झाली. तुम्हाला जादा तासाला द्विमान शिकवलं होतं, तेच."

मी म्हटले, "हो सर. आणि हे पंधरा आकडे २५६ च्या पायावर आहेत, एकम आधी, उलट्या क्रमाने. या एकाच मोठ्या संख्येला २४ ने भागत जायचं, पंचवीस वेळा. प्रत्येक बाकी म्हणजे कीमधलं एक अक्षर, शेवटचं आधी."

सरांनी चष्मा लावला. म्हणाले, "शेवटचं अक्षर तर तोंडी येईल. २५६ ला २४ ने भाग, बाकी १६. आणि सोळाचा वर्ग पुन्हा २५६, म्हणजे बाकी पुन्हा १६. पुढे कितीही घात घे, बाकी सोळाच. तेव्हा पहिला आकडा सोडून बाकीच्या चौदा आकड्यांची बेरीज कर, तिला सोळाने गुण, पहिला आकडा मिळव, चोवीसने भाग."

ओल्या पुस्तकांच्या मधे बसून आम्ही ती बेरीज केली. बाकी ९ उरली. बी ला शून्य धरून मोजत गेलो, बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, एम, पी. शेवटचे अक्षर पी.

उरलेल्या चोवीस अक्षरांसाठी दुकानात येऊन दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. उत्तराच्या शेवटी पी होते. ती की टाकली, आणि ऑफिसने ती घेतली. नव्या यंत्रावर ते सुरू करायला फोनवरून लांबलचक आकडे वाचून दाखवावे लागले. ते सरांनी वाचले, हजेरी घेतल्यासारखे, एकेक सुटा. पलीकडे यंत्र होते, तरी सर शेवटी "धन्यवाद" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंच्या मॅक्रोने पहिला दाखला छापला. नोंद मूळ रजिस्टराशी ताडून मुख्याध्यापकांनी सही केली. घेणारे आजोबा होते. त्यांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि पिशवीत न घालता शर्टाच्या आत ठेवला.

ही गोष्ट इथे संपत नाही. तीन आठवड्यांनी डेडस्टॉक रजिस्टर वाळले. त्यात २००८ च्या कॉम्प्युटरच्या नोंदीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, भाऊंनी बॉलपेनने ती पंचवीस अक्षरे लिहून ठेवलेली होती. पाच-पाचचे गट पाडून. छापील चिठ्ठी विरघळली, बॉलपेन टिकले. मी आणि सरांनी अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. एकही चुकले नव्हते. ना भाऊंचे, ना आमचे.

म्हणून जाता जाता दुकानदाराचे दोन शब्द. ओलाव्यात राहिलेले यंत्र, कोणी दुरुस्तीवाला फोनवर "लावून बघा" म्हणाला तरी, लावून बघू नका. विकत घेतलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची की आणि बिल कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा वरच्या मजल्यावर असू द्या. ऑफिस २०१३ पासून कॉम्प्युटरमध्ये कीची फक्त शेवटची पाच अक्षरे उरतात, तेव्हा आमचा हा उपाय आता चालणार नाही. अलीकडे खरेदी ई-मेल खात्याला जोडलेली असते, तो पत्ता आणि पासवर्ड घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या. आणि किल्ली मिळो न मिळो, माहितीची प्रत वेगळी ठेवा. भाऊंची यादी आता युनिकोडमध्ये आणून तीन ठिकाणी ठेवली आहे. ती उघडायला कोणत्याच किल्लीची गरज नाही.

आपण सगळे भाऊंच्या त्या यादीत आहोत. परवा मी माझे नाव काढून पाहिले. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, पान नंबर बरोबर. वर्तन या रकान्यात 'चांगले' असे आहे. सर, तो शेरा तुमच्या नजरेखालून गेला असेल, तरी तुम्ही खोडला नाहीत, त्याबद्दल आभार.